वसईचा गोन्सालो: रक्तसाक्षी, दुभाष्या आणि आमच्या आजीचा वकील

सुकेळी (धागाकर्ती)

मागच्या आठवड्यात माझ्या भाच्याने एका प्रश्नमंजुषेत भाग घेतला. प्रश्न आला, "कॅथलिक चर्चने संत म्हणून घोषित केलेली पहिली भारतीय व्यक्ती कोण?" पोराने लिहिलं, गोन्सालो गार्सिया. परीक्षकांच्या कागदावर होतं, सिस्टर अल्फोन्सा. गुण गेला. घरी आल्यावर जेवेना. आधी आमच्या घरात बसून तो अन्याय मिटवला, आता इथे लिहून मिटवते.

अल्फोन्सा संत झाल्या १२ ऑक्टोबर २००८ रोजी. पहिल्या भारतीय महिला संत, यात वाद नाही. पण गोन्सालो संत झाला ८ जून १८६२ रोजी. जवळजवळ दीडशे वर्षं आधी. आणि तो आमच्या वसईचा.

थोडक्यात सांगते. (थोडक्यात जमणार नाही, हे मला माहीत आहे.)

जन्म १५५६-५७च्या सुमाराचा, वसईत. वडील पोर्तुगीज शिपाई, आई इथलीच. वसई पोर्तुगीजांकडे आली १५३४ साली, म्हणजे हा त्या राजवटीतल्या पहिल्या पिढीचा पोर. किल्ल्यातल्या जेझुइटांच्या (हा कॅथलिक धर्मसेवकांचा एक संघ) शाळेत शिकला. सेबास्तियाव गोन्साल्विस नावाच्या जेझुइट धर्मगुरूंनी त्याचं पाणी ओळखलं आणि १५७२ साली त्याला बरोबर घेऊन जपान गाठलं. वय पंधराच्या आसपास. आज पंधराचं पोर एकटं दादरला पाठवताना आपण तीनदा फोन करतो.

तिथे त्याने जपानी उचलली, आणि नुसती बाजारापुरती नाही, लोकांसमोर धर्म समजावून सांगता येईल अशी. आठ वर्षं जेझुइटांबरोबर धर्मशिक्षक म्हणून राबला. त्याला त्यांच्या संघात घ्यावं एवढंच त्याचं मागणं होतं. ते काही मान्य झालं नाही. मग निघाला आणि व्यापारात पडला. चांगला जम बसला म्हणतात. पुढे मनिलाला गेला, तिथे फ्रान्सिस्कनांशी (हा असाच दुसरा संघ) गाठ पडली आणि सगळं सोडून त्यांच्या मठात साधा ब्रदर झाला. धर्मगुरू तो शेवटपर्यंत झाला नाही. मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) अर्पण करायचा अधिकार त्याला कधीच नव्हता.

१५९३ साली फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने फादर पेद्रो बाउतिस्ता यांना आपले वकील म्हणून जपानचा सर्वसत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे पाठवलं. फादरना जपानी येत नव्हती. बरोबर दुभाष्या कोण? आमचा गोन्सालो. ज्या मुलखातून हिरमुसून निघाला होता, तिथेच सरकारी शिष्टमंडळात परत. पुढे क्योतोत मठ झाला, गरिबांसाठी आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालयं झाली. आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवलं, त्यात हा होता. वय चाळीसच्या आसपास.

आता घरची गोष्ट. माझी आजी, वसईतल्या गास गावची. शिक्षण दुसरी. तलाठी कचेरीत सातबाऱ्याच्या कामाला जायचं असलं की आदल्या रात्री मेणबत्ती लावून म्हणायची, "तू राजासमोर बोललास, मला उद्या भाऊसाहेबासमोर दोन शब्द धड बोलू दे." आजारपणाला तिच्याकडे वेगळे संत होते, हरवलेल्या वस्तूंना संत अंतोन. गोन्सालोचं खातं मात्र बोलण्याचं. चर्चने हे खातं त्याला अधिकृतपणे दिलेलं नाही. तरी मला वाटतं, त्याला नेमकं ओळखलं ते माझ्या आजीनेच.

तिसरा_डबा

विरार लोकलमध्ये रोज "संत गोन्सालो गार्सिया कॉलेज" लिहिलेल्या बॅगा बघतो. इतकी वर्षं वाटायचं, कोणी देणगीदार असेल, नंतर वारसांनी मागे संत लावलं असेल. 🙏 माफी.

जुना_दप्तरदार

लेख आवडला, विशेषतः आजी. पण तुम्ही १५९३ ते १५९७ एका उडीत पार केलंत आणि खरी मेख त्यातच आहे. तेव्हा थोडं पाणी घालतो.

एक. हिदेयोशीने धर्मप्रसारकांना देश सोडायचा हुकूम १५८७ सालीच काढला होता. अंमल ढिला होता, कारण पोर्तुगीज व्यापार हवा होता. जेझुइट मंडळी ओळखून होती, डोकं खाली घालून काम करत होती. १५८५ साली पोप तेराव्या ग्रेगरीने जपान फक्त जेझुइटांना आंदण दिलं होतं. तरी फ्रान्सिस्कन आले. धर्मप्रसारक म्हणून येता येत नव्हतं, म्हणून वकील म्हणून आले. आणि मग राजधानीत उघड प्रवचनं, उघड मिस्सा.

दोन. ऑक्टोबर १५९६ मध्ये मनिलाहून मेक्सिकोतल्या आकापुल्कोला निघालेलं सान फेलिपे हे स्पॅनिश गलबत वादळात सापडून शिकोकू बेटावर तोसाच्या किनाऱ्याला लागलं. माल भरगच्च. हिदेयोशीचे कोरियाच्या मोहिमेत पैसे वाहून चालले होते, त्याने माल जप्त केला. तेव्हा म्हणे गलबताच्या सुकाणूवाल्याने नकाशा पसरून फुशारकी मारली की आमचा राजा आधी धर्मगुरू पाठवतो, मागून फौज. खरं-खोटं यावर जेझुइट आणि फ्रान्सिस्कन पुढे बरीच वर्षं एकमेकांवर चिखल उडवत होते. पण डिसेंबरात धरपकड सुरू झाली हे खरं.

तेव्हा माझा प्रश्न, त्रागा करून नव्हे: याला धर्मासाठी मरण म्हणायचं, की दोन साम्राज्यं आणि दोन संघ यांच्या भांडणात चिरडलेला दुभाष्या?

माहीमचा_हलवा

दप्तरदार आले म्हणजे धागा शंभरी गाठणार. पॉपकॉर्न आणतो.

सुकेळी

@दप्तरदार, तुम्ही सांगितलेला इतिहास मान्य. आमच्याकडे प्रवचनात सान फेलिपे कधी येत नाही, आलं पाहिजे. पण निष्कर्ष मान्य नाही, आणि तो भक्ती म्हणून नाही.

शिक्षेचा फलक कैद्यांच्या पुढे धरून चालवला होता. त्यात गलबताचा विषय नाही. फिलिपिन्सहून वकील म्हणून आले, मियाकोत (म्हणजे क्योतोत) राहिले आणि मी मनाई केलेला धर्म शिकवला, हा ठपका आहे. हिदेयोशीच्या डोक्यात काहीही असो, कागदावर गुन्हा धर्माचाच.

दुसरं, सव्वीसांतले परदेशी किती? सहा फ्रान्सिस्कन, बस. बाकी वीस जपानी: तीन जेझुइट आणि सतरा संसारी माणसं. त्यांत सुतार होते, स्वयंपाकी होते. लुईस इबाराकी बारा वर्षांचा, अंतोनियो तेरा, थॉमस कोझाकी चौदा. या पोरांना कुठलं साम्राज्य पसरवायचं होतं? लुईसला तर टेकडीजवळ अधिकाऱ्याने सांगितलं की धर्म सोड, तुला सोडतो. त्याने नाही म्हटलं. रक्तसाक्षी हा शब्द आमच्यात त्यासाठीच आहे. साक्ष द्यायची की नाही, हे शेवटच्या घडीपर्यंत त्याच्या हातात होतं.

निघताना ते चोवीस होते हे बहुतेकांना माहीत नसतं. वाटेत मदत करत बरोबर चालणारे दोघे धरले गेले आणि सव्वीस झाले.

जुना_दप्तरदार

फलकाचा मुद्दा चांगला आहे. अर्धा गुण देतो. उरलेला अर्धा तुमच्या भाच्याला.

ओसाकाकर

मी मराठी, हिंदू, नोकरीनिमित्त सोळा वर्षं जपानात. नागासाकीला दोनदा गेलोय. निशिझाका टेकडी नागासाकी स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर आहे. चढ छोटा, पण दम लागतो. वर लांबलचक दगडी भिंतीवर ओळीने सव्वीस कांस्यमूर्ती आहेत. मूर्तिकार फुनाकोशी यासुताके, उभारणी १९६२ची, म्हणजे संतपदाची शताब्दी. गंमत म्हणजे क्रूस दाखवलेले नाहीत. माणसं उभी आहेत, पण पाय जमिनीला टेकलेले नाहीत, बोटं खाली सुटलेली. आधी कळत नाही काय खटकतंय. मग कळतं की हे वर चाललेत.

इथे वाचकांसाठी एक तपशील. आपल्याकडच्या चित्रांत गोन्सालोच्या हातापायांत खिळे दाखवतात. जपानी पद्धत तशी नव्हती. दोर आणि लोखंडी कड्यांनी क्रुसाला बांधायचे आणि मग दोन बाजूंनी दोन भाले, बरगड्यांतून तिरपे वर, एकमेकांना छेद देऊन. मरण लवकर यायचं.

त्याआधीचा महिना मात्र संथ होता. हुकूम नाक-कान छाटायचा होता. क्योतोतला अधिकारी इशिदा मित्सुनारी याने तो कमी करून डाव्या कानाचा तुकडा एवढ्यावर आणला. मग बैलगाड्यांत बसवून क्योतो, ओसाका, साकाई इथे मिरवलं आणि ऐन थंडीत नागासाकीपर्यंत चालवलं, सुमारे ८०० किलोमीटर. मी राहतो तिथे जानेवारीत सकाळी नळाला हात लावायची भीती वाटते. ते लोक कशाने चालले असतील ते मला कळत नाही.

वाटेत त्या चौदा वर्षांच्या थॉमसने आईला पत्र लिहिलं. ते पोचलं नाही. त्याचे वडीलही त्याच सव्वीसांत होते आणि पत्र त्यांच्या अंगावर सापडलं. संग्रहालयात हे वाचलं आणि बाहेर येऊन बराच वेळ नुसता बसलो.

तिसरा_डबा

😶

कुंकळ्ळकार

गोव्यात वाढलो, आठवीपर्यंत कॉन्व्हेंट, तरी हे नाव मला मुंबईत आल्यावर कळलं. आमच्याकडे सेंट झेवियरच्या उजेडात बाकी सगळे झाकले जातात. (झेवियर रक्तसाक्षी नव्हेत हो, १५५२ साली चीनच्या दाराशी तापाने गेले.)

सुकेळीताई, तुम्ही एक वाक्य पटकन सोडून दिलंत, "ते काही मान्य झालं नाही." तिथे थांबायला हवं होतं. त्या वेळी पूर्वेकडच्या जेझुइटांचे वरिष्ठ होते आलेस्सांद्रो व्हालिन्यानो. हिंदुस्थानी आणि मिश्र रक्ताच्या लोकांना संघात घेऊ नये असं त्यांचं स्वच्छ मत होतं. जपानी लोकांबद्दल मात्र त्यांचं मत फार वरचं, त्यांना घ्यावं, शिकवावं म्हणून ते भांडले. म्हणजे बघा, वसईचा पोर जपानात आठ वर्षं जपानी बोलून सेवा करतो, त्याला दार बंद. पाउलो मिकी जपानी, त्याला दार उघडं. आणि शेवटी दोघे एकाच टेकडीवर एकाच ओळीत.

मिकीबद्दल माझ्या मनात काही नाही, तो क्रुसावरून प्रवचन देत गेला, थोर माणूस. पण जगभरच्या कॅलेंडरवर सणाचं नाव "पाउलो मिकी आणि सोबती" असं आहे. आमचा गोन्सालो अजून "सोबती"तच.

आणि हे दार पुढेही बंदच राहिलं. शंभर वर्षांनी गोव्यात जुझे वाझ आणि इतर स्थानिक पाद्रींना गोऱ्यांचे संघ घेईनात, म्हणून त्यांनी १६८५ साली स्वतःचं ओरेटरी (पाद्रींचा संघ) काढलं. तेच वाझ पुढे श्रीलंकेत गेले आणि २०१५ साली संत झाले.

सुकेळी

कुंकळ्ळकार, खरंय. ते वाक्य मी मुद्दाम पटकन टाकलं, कारण तिथे थांबलं की मला राग येतो आणि मग लेख भलतीकडे जातो. आमच्या घरात हे असं सांगतात: "त्याला पायरीवर बसवला म्हणून त्याने दुसरं घर शोधलं." एवढंच. जेझुइटांचं नाव न घेता. कारण माझे दोन मामा त्यांच्याच शाळेत शिकले. 😄

"सोबती"बद्दल: भारतातल्या कॅलेंडरवर गोन्सालोचं नाव आहे, ६ फेब्रुवारीला. मृत्यू पाचचा, सण सहाला, कारण पाचला संत अगाथा आधीच बसलेल्या आहेत. त्याही रक्तसाक्षी, सिसिलीच्या. ज्येष्ठतेचा मान.

माहीमचा_हलवा

माझा बाळबोध प्रश्न. "आश्रयदाता संत" म्हणजे नक्की काय? ग्रामदैवतासारखं? तो सगळ्या वसईचा की फक्त एका चर्चचा? आणि पूजा करता का त्याची?

सुकेळी

पूजा नाही. पूजा फक्त देवाची. संताकडे मागायची ती मध्यस्थी: तू तिकडे पोचलेला आहेस, आमच्यासाठी दोन शब्द टाक. प्रत्येक धर्मग्रामाचा म्हणजे पॅरिशचा एक आश्रयदाता असतो, त्याच्या नावाने चर्च, त्याच्या सणाआधी नऊ दिवस नोव्हेना, मग सण, पाहुणे, जेवणं. गासच्या चर्चचा आश्रयदाता गोन्सालो. मुंबईच्या महाधर्मप्रांताचा आश्रयदाताही तोच. म्हणजे कुलाब्यातल्या कॅथलिक माणसाचाही, मग त्याला माहीत असो वा नसो.

ग्रामदैवताशी तुलना माझ्या शेजारणीने एकदा केली होती, ती अगदीच चुकीची म्हणवत नाही. फरक इतकाच की हा हाडामांसाचा, तारीख-वार असलेला माणूस. त्याची शाळा कुठे होती ती जागा दाखवता येते.

एक मजा सांगते. त्या सव्वीसांत एक फेलिपे दे खेसुस होता, मेक्सिकोचा. त्याला धर्मगुरूपदाची दीक्षा घ्यायला घरी जायचं होतं, म्हणून त्याच सान फेलिपे गलबतात चढला होता, आणि वादळाने जपानात आणून टाकला. तो आज मेक्सिको सिटीचा आश्रयदाता. म्हणजे मुंबई आणि मेक्सिको सिटी, जगातली दोन गर्दीची शहरं, दोघांचे आश्रयदाते एकाच दिवशी एकाच टेकडीवर गेले.

जुना_दप्तरदार

मध्यस्थी. वकील. आता तुमच्या शीर्षकातली मेख लक्षात आली. आपल्या जुन्या कागदांत वकील म्हणजे कोर्टातला काळा डगला नव्हे. पेशव्यांचा वकील दिल्लीत, निजामाचा वकील पुण्यात. परक्या दरबारात आपली बाजू त्यांच्या भाषेत मांडणारा माणूस. तुमच्या आजींना इतिहास माहीत नसेल, पण नेमणूक अचूक केली.

थोडं चिमाजी अप्पांबद्दल, कारण कोणीतरी काढणारच. १७३९ साली मराठ्यांनी वसई घेतली. तेव्हा गोन्सालो संत नव्हता, "धन्य" (संतपदाच्या आधीची पायरी) होता. धन्य घोषित झाला १६२७ साली, आठव्या उर्बान पोपच्या हातून. वसईच्या तहात पोर्तुगीज फौजेला मानाने बाहेर पडू दिलं. फौज गेली, वाडीतली ख्रिस्ती रयत राहिली, तिने नाव टिकवलं. मग १८६२ साली रोममध्ये पेंटेकॉस्टच्या सणाच्या दिवशी नवव्या पायसने सव्वीसांना एकदम संत केलं, तेव्हा किल्ल्यातल्या चर्चांची छपरं गेलेली होती. ज्या गावाचा संत, त्या गावच्या किल्ल्यात झाडोरा.

अवांतर: वसई-ठाणे पट्ट्यात रक्तसाक्षी याच्याआधीही झालेत. १३२१ साली ठाण्यात तोलेंतिनोचा थॉमस आणि तीन फ्रान्सिस्कन सोबती मारले गेले, पोर्तुगीज यायच्या पावणेदोनशे वर्षं आधी. जॉर्डानस नावाच्या साधूने त्यांना सोपाऱ्यात पुरलं. नालासोपाऱ्याला रोज उतरणाऱ्या किती जणांना माहीत असेल?

तिसरा_डबा

नालासोपाऱ्याला उतरता येत नाही हो. उतरवलं जातं.

ओसाकाकर

१८६२ निघालंच आहे तर त्याचा जपानकडचा धागा जोडतो. संतपदाची बातमी आल्यावर फ्रेंच पाद्रींनी नागासाकीत परदेशी लोकांसाठी चर्च बांधलं, ओउरा. अर्पण केलं याच सव्वीसांना. १७ मार्च १८६५ रोजी उराकामी गावातले काही शेतकरी बाया-पुरुष आत आले आणि फादर पेतिजाँ यांच्या कानाशी येऊन म्हणाले की आमचं आणि तुमचं हृदय एकच. अडीचशे वर्षं धर्मगुरू नसताना, मनाई असताना, हे लोक लपून ख्रिस्ती राहिले होते. आज ते चर्च जागतिक वारसा आहे. त्याच्या नावातल्या सव्वीसांत एक वसईकर आहे, हे मी प्रत्येक पाहुण्याला सांगतो. पाहुणे मान डोलावतात आणि कास्तेला केक कुठे मिळतो ते विचारतात.

सुकेळी, एक सांगायचं होतं. भाच्याला सांगा, जपानीत "ल" नाही. जपानी उच्चारात त्याचं नाव होतं: गोन्सारो गारुशिया. क्योतोतले लोक त्याला अशीच काहीशी हाक मारत असतील, आणि तोही ओ देत असेल.

सुकेळी

सांगितलं. तेव्हापासून स्वारी वहीवर "गोन्सारो" लिहीत सुटलीय. गुण परत मिळाला नाही. आयोजकांना मेल केलाय, उत्तर नाही.

माहीमचा_हलवा

मला किल्ल्यातलं ते शाळेचं ठिकाण बघायचंय. कसं शोधायचं?

सुकेळी

वसई रोडला उतरा, पश्चिमेला बस किंवा रिक्षा पकडून किल्ला. आत जेझुइटांचं जुनं चर्च विचारू नका, कोणी सांगणार नाही. "गोन्सालो गार्सियाचं चर्च" म्हणा, कोणीही बोट दाखवेल. बाकीची चर्चं उघडी पडलीत, हे डागडुजी करून उभं ठेवलंय. प्रीवेडिंगवाल्यांच्या धुरातून वाट काढावी लागेल. आणि बाही पूर्ण असलेला शर्ट घाला, संध्याकाळी डास फोडून काढतात. रविवारी येणार असाल तर आधी कळवा, आजीच्या घरी जेवायलाच या.